किर्कयार्डातला एक संथ तास

स्कॉटलंडला जाणाऱ्या मराठी प्रवाशाच्या यादीत एडिंबराचा किल्ला असतो, लॉख नेस असतं, जमलं तर स्काय बेट असतं. दफनभूमी नसते. असलीच तर एडिंबरातली ग्रेफ्रायर्स, आणि तीही बॉबी नावाच्या इमानी कुत्र्यासाठी. तिथे गाइडच्या छत्रीमागून चालायचं, कुत्र्याच्या पुतळ्यापाशी फोटो काढायचा आणि निघायचं. त्यात वाईट काही नाही. पण स्कॉटलंडचा इतिहास दगडावर वाचायचा असेल तर शहर सोडून एखाद्या लहान गावाच्या चर्चच्या आवारात जावं. तिथले लोक या आवाराला किर्कयार्ड म्हणतात. तिथे तिकीट नसतं, रांग नसते, बहुतेक वेळा दुसरं माणूसही नसतं. लागतो तो एक निवांत तास आणि पायात चांगले बूट.

स्मशानात फिरायला जायचं या कल्पनेनंच काहींना कसंसं होतं, विशेषतः मुलांकडे महिना-दीड महिना राहायला आलेल्या आईवडिलांना. त्यांच्यावर जबरदस्ती करू नये. मात्र तिथली माणसं या आवारातून कुत्रा फिरवतात, बाकावर बसून डबा खातात, हे त्यांना आधी सांगून ठेवावं. परतल्यावर ज्यांना आंघोळ केल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी खुशाल करावी, हॉटेलात गरम पाणी मुबलक असतं.

कुठे जावं? पहिल्या खेपेसाठी मी ॲबरफॉइल आणि बालक्विडर ही जोडी सुचवेन. दोन्ही गावं ट्रॉसॅक्सच्या डोंगराळ भागात, स्टर्लिंगच्या वायव्येला आहेत. गाडी असेल तर ग्लासगोहून सकाळी निघून दोन्ही एका दिवसात आरामात होतात. वाटेतला ड्यूक्स पास हा घाटरस्ता वेगळं काही न करता पदरात पडतो. गाडी नसेल तर ग्लासगो किंवा एडिंबराहून स्टर्लिंगपर्यंत रेल्वे आणि पुढे बस. या भागात बस तुरळक आहेत, रविवारी तर फारच. म्हणून ट्रॅव्हलाइन स्कॉटलंडवर जाण्याची नव्हे, परतीची बस आधी पाहावी. बालक्विडरला जाणाऱ्यांना मुख्य रस्त्यावर किंग्सहाउसपाशी उतरून सुमारे तीन किलोमीटर चालावं लागतं. वाट सपाट आहे, पण पाऊस कधीही येतो.

ॲबरफॉइलचं जुनं किर्कयार्ड आजच्या गावात नाही. फोर्थ नदीवरचा जुना दगडी पूल ओलांडून थोडं पुढे गेलं की कर्कटनचं छप्पर गेलेलं चर्च दिसतं. दाराच्या दोन्ही बाजूंना शवपेटीच्या आकाराचे दोन ओतीव लोखंडी ठोकळे पडलेले आहेत. त्यांना मॉर्टसेफ म्हणतात. एडिंबरा आणि ग्लासगोच्या वैद्यक शाळांना शरीरशास्त्र शिकवायला प्रेतं हवी असत आणि कायद्यानं मिळणारी प्रेतं अगदीच थोडी. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ताजी थडगी रात्री उकरून प्रेतं विकण्याचा धंदा जोरात चालला. यावर गावांनी शोधलेला उपाय म्हणजे हे लोखंड. पेटी खाली सोडली की तिच्यावर हा ठोकळा दोर-कप्पीनं ठेवायचा, वरून माती लोटायची. काही आठवड्यांनी प्रेत डॉक्टरांच्या कामाचं उरलं नाही की ठोकळा वर काढायचा आणि पुढच्या मयतासाठी वापरायचा. म्हणजे हे कुणा एकाच्या मालकीचं नसे, गावाचं असे. हाताच्या बोटांनी लोखंडाची जाडी अजमावून पाहा, मग ते उचलायला किती माणसं लागत असतील याचा अंदाज येतो.

बर्क आणि हेअर ही नावं याच संदर्भात ऐकू येतात, पण ते थडगी उकरणारे नव्हते. त्या दोघांनी 1828 साली एडिंबरात सोळा माणसं मारली आणि प्रेतं डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शाळेला विकली. बर्कला जानेवारी 1829 मध्ये फाशी झाली. 1832 च्या ॲनाटॉमी कायद्यानं वैद्यक शाळांना बेवारस प्रेतं मिळण्याची सोय झाली आणि हा बाजार बसला. गरिबांना त्या कायद्याचा धाक वाटे तो वेगळाच, कारण बेवारस ठरणार ते त्यांचेच लोक. जिथे लोखंड परवडत नसे तिथे लोक रात्री पहारा देत. त्यासाठी बांधलेली पहारेकऱ्यांची खोली अनेक आवारांच्या फाटकापाशी अजून उभी आहे, कॅलंडर गावातली तर वाटेतच पाहता येते. पर्थशायरमधल्या लॉगिरेटच्या आवारात तीन मॉर्टसेफ आहेत. त्यांपैकी एक लहान मुलाच्या मापाचं आहे. ते पाहायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं.

ॲबरफॉइललाच रॉबर्ट कर्क या धर्मोपदेशकाची शिळा आहे. गॅलिक भाषेत स्तोत्रांचा अनुवाद करून 1684 साली छापून आणणारा हा विद्वान माणूस. पण लोकांना तो माहीत आहे तो त्यानं पऱ्यांवर लिहिलेल्या ग्रंथामुळे. लोकांकडून ऐकलेल्या हकिगती त्यानं गंभीरपणे नोंदवल्या, आणि 1692 मध्ये जवळच्याच डून टेकडीवर फिरायला गेला असताना तो मेला. गुपितं फोडल्याबद्दल पऱ्यांनी त्याला उचलून नेलं आणि थडग्यात तो नाहीच, असं गावकरी सांगू लागले. चर्चपासून टेकडीवर जाणारी पायवाट आहे. वर झाडांना लोकांनी चिंध्या आणि चिठ्ठ्या बांधलेल्या दिसतील. आपण बांधायची असेल तर सुती चिंधी बांधा, प्लास्टिकची रिबीन नको. माझं मत विचाराल तर काहीच बांधू नका, झाडांना तेवढाच मोकळा श्वास.

ॲबरफॉइलला येण्याआधी हाच कर्क बालक्विडरला धर्मोपदेशक होता. त्याची पहिली पत्नी तिथेच पुरलेली आहे आणि तिच्या शिळेवरची अक्षरं त्यानं स्वतः कोरली असं सांगतात. म्हणून मी ही दोन गावं एकत्र सुचवतो. सकाळी नवऱ्याची शिळा पाहायची, दुपारी बायकोची.

बालक्विडरला बहुतेक लोक मात्र रॉब रॉय मॅकग्रेगरसाठी येतात. वॉल्टर स्कॉटची कादंबरी आणि 1995 चा चित्रपट यांनी तो जगभर नेला. तो गुरांचा व्यापारी होता, पुढे कर्जाच्या प्रकरणात ड्यूक ऑफ मॉन्ट्रोझशी बिनसलं आणि तो कायद्यापासून पळता झाला. 1734 च्या डिसेंबरात याच खोऱ्याच्या वरच्या टोकाला, आपल्या घरी, अंथरुणात मेला. पडक्या चर्चसमोर कठड्याच्या आत त्याची, पत्नीची आणि दोन मुलांची थडगी आहेत. त्याच्यावरची कोरीव शिळा त्याच्याहून कितीतरी जुनी असावी असं मानतात, म्हणजे कुणाची तरी जुनी शिळा त्याच्यासाठी पुन्हा वापरली. तिथल्या नव्या पाटीवरच्या इंग्रजी शब्दांचा भाव मराठीत सांगायचा तर ‘त्यांच्या नाकावर टिच्चून मॅकग्रेगर’ असा होईल. त्यामागे खरी गोष्ट आहे. 1603 साली मॅकग्रेगर हे आडनाव लावण्यावरच बंदी आली. 1661 मध्ये ती उठली, 1693 मध्ये पुन्हा लागू झाली आणि कायमची गेली ती थेट 1774 मध्ये. रॉब रॉयनं स्वतःही आईचं कॅम्बेल हे आडनाव लावून दिवस काढले. तेव्हा या खोऱ्यात अठराव्या शतकातल्या दगडावर कॅम्बेल, मरे, ड्रमंड अशी नावं दिसली की ही माणसं जन्मानं कोण होती याबद्दल थोडी शंका मनात ठेवावी.

लोक इथे येतात, थडग्यावर नाणी टाकतात, फोटो काढतात आणि दहा मिनिटांत निघतात. मी म्हणेन, रॉब रॉयला नमस्कार करून उरलेली पन्नास मिनिटं बाकीच्या दगडांना द्या. नाणी टाकू नका, दगडावर गंजाचे डाग पडतात. द्यायचेच असतील तर चर्चमधल्या पेटीत टाका, छपराच्या खर्चाला लागतील. आजचं चर्च 1855 च्या सुमाराचं आहे. ते उघडं असेल तर आत संत अँगसची म्हणून ओळखली जाणारी मध्ययुगीन शिळा जरूर पाहा.

दगड वाचायचे म्हणजे काय, ते आता जरा सविस्तर.

स्कॉटलंडच्या खेड्यांत सतराव्या शतकाआधीचे साध्या माणसांचे दगड क्वचितच सापडतात. दगड परवडणारेच मोजके होते, बाकीच्यांच्या वाट्याला नुसती माती. तीच जागा पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा वापरली गेल्यानं आवाराची जमीन कित्येक ठिकाणी बाहेरच्या रस्त्यापेक्षा उंच झालेली दिसते. आत गेल्यावर तीन प्रकारचे दगड असतात: जमिनीवर आडवी टाकलेली शिळा, चार-सहा आखूड खांबांवर ठेवलेली आडवी फरशी, आणि उभा दगड. अठराव्या शतकातले उभे दगड बुटके आणि जाड असतात. सर्वांत मजा त्यांच्यातच आहे. एका बाजूला अक्षरं असतात, मागच्या बाजूला चित्रं. म्हणून प्रत्येक दगडाला मागून वळसा घालायचाच, हा माझा एकमेव कडक नियम.

चित्रांत कवटी, हाडांची फुली, वाळूचं घड्याळ आणि घंटा सर्वत्र भेटतात. घंटा मयताची वर्दी देत गावातून वाजवत नेत असत. पंख असलेला चेहरा म्हणजे वर निघालेला आत्मा. पण खरं लक्ष द्यावं ते धंद्याच्या खुणांकडे. नांगराचा फाळ आणि कोयता, म्हणजे नांगराचं पुढचं पातं, ही शेतकऱ्याची खूण. मुकुट आणि खाली हातोडा असेल तर लोहार किंवा धातुकाम करणारा. कात्री आणि इस्त्री म्हणजे शिंपी. धोटा म्हणजे विणकर. भट्टीत पाव सरकवायचं लांब दांड्याचं फळकूट असेल तर भटारी. जात्याच्या वरच्या दगडात मधोमध बसवायची लोखंडी पट्टी, जिच्या आधारानं तो दगड फिरतो, ती कोरलेली दिसली तर तो गिरणीवाला. आपल्याकडे वीरगळावरची लढाई आणि सूर्य-चंद्र पाहून अक्षर न वाचताही मजकूर लागतो, तसंच हे आहे. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या गावकऱ्यांसाठीच ही सोय.

अक्षरं वाचताना दोन-तीन गोष्टी लक्षात असू द्याव्यात. कोरणारा गावचाच पाथरवट असे, ओळ संपली की शब्द कुठेही तोडी. ‘एन’ उलटा येतो, ‘यू’च्या जागी ‘व्ही’ येतो, दोन अक्षरं एकमेकांना जोडून एकच होतात. लग्न झालेल्या बाईचं नाव स्कॉटलंडमधल्या दगडावर तिच्या माहेरच्या आडनावानं असतं: अमकी, तमक्याची पत्नी. इंग्लंडमध्ये असं सहसा होत नाही. त्यामुळे एकाच दगडातून दोन घराण्यांचा धागा हाती लागतो आणि पूर्वज शोधणारे स्कॉटिश दगडांवर खूश असतात. तारखांचाही एक फायदा आहे. इंग्लंडमध्ये नवं वर्ष 1752 पर्यंत 25 मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी ते मार्चच्या तारखांत घोळ होतो. स्कॉटलंडनं 1600 सालीच 1 जानेवारी स्वीकारली होती, तिथे वर्ष लिहिलंय ते तसंच घ्यावं.

झिजलेली अक्षरं दिसत नसतील तर उजेड बाजूनं पडला पाहिजे. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सूर्य तिरका असताना न दिसणारी ओळ आपोआप उठून येते. ढग असतील, आणि ते असतीलच, तर मोबाइलचा टॉर्च दगडाच्या कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरा आणि हळूहळू सरकवा. सोबतच्या माणसानं फोटो काढावा. एवढं पुरतं. खडू, पीठ, शेव्हिंग फोम, तारेचा ब्रश यांतलं काहीही दगडाला लावू नका. कागद ठेवून शिसपेन्सिल घासणंही टाळा. तिथला वाळूचा दगड पापुद्र्यांनी सुटतो. वरून धड दिसणारा पापुद्रा आतून पोकळ असतो आणि घासताच अख्खी ओळ हातात येते. राखाडी आणि नारिंगी रंगाचं शैवाक दिसलं तर ते खरवडून ‘साफ’ करायचा मोह होतो. ते वर्षाला मिलिमीटरभरसुद्धा वाढत नाही, आणि हवा स्वच्छ असल्याची ती खूण आहे. राहू द्या.

दगडाला टेकू नका, मुलांना त्यावर चढू देऊ नका. हे केवळ सभ्यतेपोटी सांगत नाही. उंच उभे दगड आतल्या खुंट्या गंजून सैल होतात. 2015 मध्ये ग्लासगोच्या एका दफनभूमीत दगड कोसळून आठ वर्षांच्या मुलाचा जीव गेला. त्यानंतर नगरपालिकांनी दगड तपासायला घेतले, काही मुद्दाम आडवे केले, काहींना पट्टे बांधले. पट्टा किंवा सूचना दिसली तर चार हात लांबच राहावं.

जुनं म्हणजे वापरात नसलेलं असं समजू नका. बालक्विडरसारख्या आवारात शेजारीच नवी थडगी असतात आणि त्यांच्यावरची फुलं कालचीही असू शकतात. नव्या थडग्यांचे फोटो काढू नयेत. दफनविधी चालू असेल तर बाहेरच थांबावं किंवा नंतर यावं. ड्रोन उडवू नये. कुत्रा दोरीला असावा. आणि अरुंद रस्त्यांवर समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी ज्या रुंद जागा ठेवलेल्या असतात, तिथे गाडी लावून जाऊ नये. आपल्याकडे ‘पाचच मिनिटं’ म्हणून जे करतो, त्यावर तिथला शेतकरी ट्रॅक्टरवरून उतरून चार शब्द ऐकवतो.

हवामानाबद्दल एवढंच की मे ते सप्टेंबर बरं. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरात पावणेचारलाच दिवस मावळतो. उन्हाळ्यात वारा पडला की मिज नावाची बारीक चावरी माशी ढगासारखी येते. लांब बाह्या आणि दुकानात मिळणारं मलम जवळ ठेवा. उंच गवतात गोचीड असते, तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. पँट मोज्यात खोचा आणि रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेपाशी तपासून पाहा. आवारात शौचालय नसतं, ते गावातच उरकून निघावं.

मराठी वाचकाला या दगडांत ओळखीचं काही सापडेल का? सापडतं, पण वाटतं त्या ठिकाणी नाही. मराठ्यांचा इतिहास 1826 साली लिहिणारा ग्रँट डफ बॅन्फचा. माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन डम्बार्टनला जन्मला. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते डॉ. जॉन विल्सन लॉडर या लहान गावचे. दुसऱ्या बाजीरावाला शरण यायला लावणारा जॉन मॅल्कम लँगहोमजवळचा. पण विल्सन मुंबईतच वारले, एलफिन्स्टन इंग्लंडमधल्या सरे परगण्यात पुरला गेला आणि मॅल्कमचा देह लंडनला आहे. त्याच्या गावी व्हिटा टेकडीवर आहे तो तीसेक मीटर उंचीचा नुसता स्मारकस्तंभ. इतिहासाच्या पुस्तकातली नावं शोधत जाणाऱ्याची म्हणून थोडी निराशाच होते.

त्याऐवजी कुटुंबाच्या दगडावरची शेवटची ओळ वाचायची सवय लावा. आईवडिलांची नावं, लहानपणी गेलेल्या मुलांची नावं, आणि खाली एखादा मुलगा: मृत्यू बॉम्बे, किंवा नुसतं ईस्ट इंडीज. नावापुढे एच. ई. आय. सी. एस. अशी अक्षरं असतील तर तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. तो इथे पुरलेला नसतो, फक्त नाव असतं. घरच्यांना पत्र मिळेपर्यंत कित्येक महिने उलटलेले असत. कंपनीच्या राज्यात तोफखान्यापासून रुग्णालयांपर्यंत स्कॉटिश माणसं त्यांच्या लोकसंख्येच्या मानानं फार जास्त होती, त्यामुळे हा शोध अगदी दुर्मीळ नाही. फाटकावर हिरवी ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज’ची पाटी असेल तर आत महायुद्धातल्या सैनिकांचे एकसारखे घडवलेले दगडही आहेत असं समजावं.

हल्ली बऱ्याच मराठी घरांत स्कॉटिश सून किंवा जावई आहे आणि नातवंडांना दोन्हीकडची वंशावळ हवी असते. तसं असेल तर दगड शोधत गावोगाव भटकण्याआधी घरबसल्या ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर जा. नावांची सूची चाळणं फुकट आहे, मूळ नोंदीची प्रतिमा पाहायला थोडे पैसे पडतात. जन्म, लग्न, मृत्यू यांची सक्तीची सरकारी नोंदणी 1 जानेवारी 1855 ला सुरू झाली. त्याआधीच्या चर्चच्या वह्या आहेत, पण त्यांत दफनाची नोंद लहरीप्रमाणे. 1855 ते 1860 या काळातला मृत्यू हाती लागला तर नशीब समजा. त्या वर्षांच्या दाखल्यात कुठल्या आवारात पुरलं तेही लिहिलेलं असतं, आणि मग नेमकं कुठल्या फाटकातून आत शिरायचं ते निघण्यापूर्वीच ठरतं.